अज्जीचं "कैकेसरू बायमोसरू" आणि आपल्या सोलापुरातल्या घरांमधली जुनी बोलणी

कुंभारवेस :

नमस्कार मंडळी,

परवा देवघरातला दिवा वाऱ्यानं गेला आणि लेक ओरडली, "आई, दिवा विझला!" माझ्या तोंडून पटकन निघालं की विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावं. ती म्हणाली, का? आणि मला काही सांगता येईना. मला तरी कुठं कुणी कारण सांगितलं होतं, अज्जीनं नुसतं बघितलं होतं माझ्याकडं, तेवढ्यात कळायचं. पण तेव्हापासून दोन दिवस डोक्यात अज्जीच बोलतेय सारखी.

आमचा वाडा कुंभार वेशीत. आता पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, वाडा पण राहिला नाही. पण अज्जीचं बोलणं कानात तसंच आहे. तिच्या तोंडून घरातलं काही कधी संपायचंच नाही. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलंय. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, कुंकवाचा करंडा रिकामा झाला तरी कुंकू वाढलं. घरातनं निघताना जातो म्हटलं की उंबऱ्यातनं परत बोलवायची आणि येतो म्हणायला लावायची, मग सोडायची. रात्री सापाचं नाव नाही, लांबडं म्हणायचं. अंगावर कांजिण्या उठल्या तरी देवी आल्यात, मग घरात फोडणी बंद आणि सगळ्यांचा आवाज खाली.

आणि म्हणी तर काय, भाजी निवडताना दहा मिनिटात चार. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार" ही माझ्या गणिताच्या मार्कांवर ठरलेली. आमच्या चौकात खरंच आड होता, नळ आल्यावर त्याच्यावर जाळी टाकली, पण पोहरा आणि दोर खुंटीला होते. मी लहानपणी त्या पोहऱ्यात बघितलंय पाणी नसलं की तळाशी कसा नुसता गाळ येतो. आता लेकीला हीच म्हण सांगितली तर आधी आड सांगा, मग पोहरा सांगा, रहाट सांगा, तोवर तिचा राग निघून गेलेला असतो आणि माझाही.

तर हा धागा त्यासाठी. तुमच्या घरातली अशी बोलणी लिहा, नुसती म्हण आणि अर्थ नको, तसल्या याद्या शाळेच्या पुस्तकात आहेत. कोण म्हणायचं, कधी म्हणायचं, कुणाला म्हणायचं, ते लिहा.

आणि माझी एक अडचण पण आहे. आम्ही पोरं चिखलात, कुंड्यांमध्ये खेळून आलो की अज्जी आमचे हात बघायची आणि म्हणायची "कैकेसरू बायमोसरू". असंच, एका दमात. आम्हाला वाटायचं केसरबाई नावाची कुणी बाई असणार आणि मोसरू तिचं आडनाव. आम्ही तो खेळच केला होता, हात वर करायचे आणि ओरडायचं. कुणाला माहीत आहे का हे? अज्जीचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, तेवढाच धागा आहे हातात.

मोहोळकर :

ताई लई चांगला विषय काढलात. आमच्याकडं शेतावरच्या घरात म्हणी बहुतेक पावसाच्याच. "मघा, नाहीतर ढगाकडं बघा" आणि "पडल्या स्वाती तर पिकतील मोती" ह्या आमचे वडील म्हणायचे. नुसती म्हण म्हणून नव्हे, ते खरोखर बघत बसायचे बांधावर. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे तर पोरापोराला पाठ.

पण एक सांगतो, आपल्या भागाचं गणित कोकणासारखं नाही. तिकडं मृगावर सगळं. आपली ज्वारी रब्बीची, मालदांडी, त्यामुळं घरातली खरी काळजी उत्तरा आणि हस्ताला सुरू व्हायची. जूनमध्ये पाऊस नाही पडला तर वडील गप्प असायचे, सप्टेंबरात नाही पडला की बोलायला लागायचे. आणि स्वातीचा पाऊस म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, ज्वारी गुडघ्याला येत असताना पडला तर खरंच मोत्यासारखं कणीस भरतं. म्हण करणाऱ्यानं रान बघून केलेली आहे.

दुसरं, पिकाचा हिशोब आण्यात, सोळा आणे म्हणजे पुरं पीक. "औंदा सहा आणे हाय" म्हणायचे. रुपयाचे सोळा आणे १९५७ ला गेले, दशमान नाणी आली, पण वडील १९९० पर्यंत पीक आण्यातच मोजत होते. सरकारी लोक पण आताआतापर्यंत आणेवारीच म्हणायचे, कागदावर पैसेवारी छापलेलं असलं तरी. पन्नास पैशाच्या आत आली की दुष्काळ धरायचे. मला पोरगा म्हणून कळायचं नाही की ज्वारीला पैसे कसे असतात.

आणि आईचं एक. ताटात कुणी भाकरीचा तुकडा टाकला की ओरडायची नाही, एवढंच म्हणायची, "आपण सुकडी खाल्लेली माणसं हाव." बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तिथं मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची आणि घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. ही काही म्हण नाही, कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. पण आमच्या घरात आजपण कुणी ताटात टाकत नाही. माझी नात पण नाही, तिला सुकडी म्हणजे काय माहीत नसताना.

मिलवाल्याचीलेक :

मोहोळकर काका, शेवटचं वाचून थांबले बराच वेळ.

आमच्या घरात घड्याळ होतं पण बघायचं कुणी नाही, भोंगा होता ना. माझे वडील कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. "भोंग्याच्या आत घरी ये" हे आईचं रोजचं. भोंगा झाला, भोंगा व्हायचाय, दुसरा भोंगा, सगळी वेळ अशीच. मिल बंद झाली आणि भोंगा पण बंद झाला, त्यानंतर पण आई वर्षभर तसंच म्हणत होती आणि आम्ही पण बरोबर त्याच वेळेला घरी यायचो.

मिलचे शब्द घरात कसे शिरलेत बघा. रात्रीची भांडी राहिली तर "राहू दे, दुसऱ्या पाळीला बघू". दूधवाला आला नाही तर त्यानं "खाडा केला", हा तर सगळ्या सोलापुरात आहे आणि मला वाटतं सगळ्या महाराष्ट्रातच. एखादा पाहुणा नुसता तात्पुरता घरात राहिला आणि कामाला लावला तर त्याला बदली म्हणायचे. आणि माझ्या आत्याला, ती एका जागी बसायची नाही म्हणून, "धोट्यासारखी फिरतीय बघ" म्हणायचे. धोटा मी वडलांबरोबर एकदा गेले तेव्हा बघितला होता. लाकडाचा, दोन्हीकडं टोकदार, पोटात कांडी. तो इकडनं तिकडं एवढ्या जोरात जातो की दिसत नाही, नुसता आवाज येतो खट खट. वडील म्हणाले हात घालू नको, बोट जाईल. तेव्हापासून मला आत्या पण जरा भीतीचीच वाटायची.

गड्ड्याचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेचं, कुणी लिहिलं नाही अजून? आमच्याकडं वर्षाचे दोन भाग, गड्ड्याच्या आधी आणि गड्ड्यानंतर. "लग्नाचं गड्डा झाल्यावर बघू", "गड्ड्याला घेतलेला स्वेटर". जानेवारी फेब्रुवारी कुणी म्हणायचं नाही. उधारी पण गड्ड्यावर. एकदा पुण्यातल्या ऑफिसात मी म्हटलं गड्ड्यानंतर रजा घेते, तर सगळे बघत बसले. त्यांना संक्रांत, सिद्धेश्वर, होम मैदान, नंदीध्वज असं सगळं सांगत बसावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच घरी जावंसं वाटायला लागलं.

पूर्वभाग :

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, दारात मराठी. पणजोबा तेलंगणातनं आले मागावर काम करायला. आई विड्या वळायची, अजून वळते थोड्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात चालू आणि तोंड पण चालू, तिच्याजवळ बसूनच सगळं ऐकलंय मी.

एक गंमत नाही, खरी गोष्ट सांगतो. आमच्या शेजारी मराठी काकू होत्या. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसायच्या, आई विड्या वळत आणि काकू गहू निवडत. घरचं रडगाणं दोघींचं. शेवटी आई म्हणायची "रोट्लो तल पेट्टि रोकटि पोटुकु वेरवनेल" आणि काकू म्हणायच्या "उखळात डोकं घातलं, आता मुसळाला काय भ्यायचं". मी आठवी नववीत असताना एक दिवस डोक्यात उजेड पडला की अरे, दोघी एकच बोलतायत! रोलु म्हणजे उखळ, रोकलि म्हणजे मुसळ, तल म्हणजे डोकं. शब्दाला शब्द. दोघींना ते केव्हाचंच माहीत होतं, मलाच नव्हतं. काकूंना तेलुगू येत नव्हतं पण ती एक म्हण त्या तेलुगूत म्हणायच्या आणि आई मराठीत, अशी अदलाबदल पण व्हायची.

माझ्यासाठी होती "मोक्कै वंगनिदि मानै वंगुना". रोपटं असताना जे वाकलं नाही ते झाड झाल्यावर वाकणार का. अभ्यासाला बसवायची तेव्हा.

आणि एक आईचं स्वतःचं. घरात कुणी फार बढाई मारायला लागलं की "हजाराच्या वर मोजू नको" म्हणते. विडीची मजुरी हजारावर असते ना, त्याच्यावर जी काही दहा वीस वळली त्याचं कुणी देत नाही. एकदा तिच्या वळलेल्यातल्या दोन मुठी विड्या काढून टाकल्या मोजणाऱ्यानं, बारीक आहेत म्हणून, आणि पैसे कापले. घरी येऊन ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून दहा पंधरा विड्या जादाच घेऊन जायची. तिच्या त्या बोलण्यात हे सगळं आहे, पण बाहेरच्याला नुसतं वाक्य वाटेल.

विजापूरवेस :

वाचतोय सगळं. आमच्या घरात दखनी, म्हणजे आपल्या इकडची उर्दू. नानीचं "हौ" आणि "नक्को" याच्यावर घर चालायचं. शाळेत हिंदीच्या सरांनी "ऐसाच", "वोइच" लिहिलेलं लाल पेनानं खोडलं होतं. नंतर कळलं की हा च मराठीतनंच आमच्या दखनीत आलाय, म्हणजे शेजाऱ्याचाच. नानी म्हणायची "पानी में रह को मगर से बैर नक्को". पेठेत कुणाशी भांडण झालं की हमखास. आणि मामाला नोकरी लागत नव्हती तेव्हा रोज फजरला, म्हणजे सकाळी, "होता जी, सब होता." फक्त एवढंच. तो तिचा आवाज आता कुठं मिळणार.

बाळीवेस :

मला जरा वेगळं म्हणायचंय, वाईट वाटून घेऊ नका.

जुनं बोलणं सगळंच गोड नव्हतं. मी बारावीनंतर पुढं शिकायचं म्हटलं तेव्हा घरातल्या एका मोठ्या बाईनं सगळ्यांच्या समोर म्हटलं होतं, "पायातली वहाण पायातच बरी." तीस वर्षं झाली. ती म्हण आजपण कुठं वाचली तर माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. आणि ते म्हणणारी बाईच होती, हे जास्त लागलं. तसंच "रिकामा न्हावी भिंतीला तुमड्या लावी". आम्ही वर्गात सहज म्हणायचो एकमेकांना, आणि माझी मैत्रीण, जिच्या वडलांचं सलूनचं दुकान होतं, ती मान खाली घालून वहीत काहीतरी करत बसायची. मला ते कळायला फार उशीर झाला. नंतर तिच्याशी बोलले मी, ती म्हणाली जाऊ दे गं, पण जाऊ दे म्हणायला तिला लागतच होतं ना.

तेव्हा म्हणी जपायच्या म्हणताना ह्या पण डोळ्यासमोर असू देत.

कुंभारवेस :

बाळीवेस ताई, वाईट कशाचं वाटायचं, बरं झालं लिहिलंत. मी वर म्हटलं ना, कुणाला म्हणायचं ते लिहा, त्यात हे पण आलं. ज्याच्यावर म्हण पडली त्यानं पण सांगायला पाहिजे. आमच्या घरात "लेकी बोले सुने लागे" होतं, म्हणजे म्हण नव्हे, प्रत्यक्षच होतं. अज्जी आत्याला रागवायची आणि आई स्वयंपाकघरात रडायची. अज्जी मला जिवापाड आवडते पण आईला तिनं सुख दिलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही खरं आहे.

शिकलात ना पुढं?

बाळीवेस :

शिकले. वडील उभे राहिले पाठीशी. ते काही म्हणी वगैरे म्हणायचे नाहीत, नुसते कॉलेजच्या फाटकापर्यंत सायकलवर सोडून यायचे.

पाणीवेसचाभाऊ :

माझं छोटंसं. पुण्यात हॉस्टेलला "काय करूलालास बे" म्हटलं की पोरं हसायची, म्हणून मी दोन वर्षं करतोयस, जातोयस असं बोललो. मग घरी आल्यावर चुलता म्हणाला, "असं का बोलूलालास परक्यासारखं?" त्या दिवसापासून जिथं असेन तिथं करूलालाय, जाऊलालाय. हे पण जुन्या बोलण्यातच धरा.

मोहोळकर :

धरलं की! आणि कुणी विचारलं की शेतमालाला भाव काय मिळाला तर वडलांचं ठरलेलं उत्तर होतं, "पैशाला पासरी". पासरी म्हणजे पाच शेर. शेर, पायली, मण सगळं गेलं, किलो आला, पण कांद्याचा भाव पडला की माझ्या तोंडून अजून तेच येतं. क्विंटलमध्ये तेवढं दुःख सांगताच येत नाही.

अक्कलकोटरोड :

आज बघितला धागा, उशीर झाला. कुंभारवेस ताई, तुमची केसरबाई कुणी बाई नाही.

"कै केसरादरे बायि मोसरु." कन्नडातली लई जुनी म्हण आहे, आमच्या घरात रोज. कै म्हणजे हात, केसरु म्हणजे चिखल, बायि म्हणजे तोंड आणि मोसरु म्हणजे दही. हात चिखलाचा झाला तर तोंडाला दही मिळतं. शेतात राबलं तर चांगलं खायला मिळेल. आमची अव्वा मजुरांना न्याहारी वाढताना म्हणायची, हसून. तुमच्या अज्जी एका दमात म्हणत असतील म्हणून तुम्हाला तसं ऐकू आलं.

अजून एक, तुम्ही सासूसुनेचं लिहिलंय म्हणून. "अत्तेगोंदु काल, सोसेगोंदु काल." सासूला एक काळ, सुनेला एक काळ. मराठीत चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे, तेच. आणि जेवताना भांडलं की "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल", ज्याला जेवायचं कळतं त्याला रोग नाही आणि ज्याला बोलायचं कळतं त्याला भांडण नाही.

कुंभारवेस :

काय लिहू आता.

दही! आम्ही हात वर करून ओरडायचो आणि मग अज्जी आमचे हात नळाखाली धरायची, नखातली माती तिच्या अंगठ्याच्या नखानं काढायची, आणि फडताळातनं दह्याचं गाडगं काढून कडक भाकरीच्या तुकड्यावर चमचाभर दही ठेवायची, वर शेंगाची चटणी. दर वेळी! मला वाटायचं आम्हाला भूक लागलीय म्हणून देतेय. ती म्हण पुरी करत होती. पस्तीस वर्षं झाली, मी दही विसरले नव्हते आणि म्हण पण विसरले नव्हते, पण दोन्ही एकच आहे हे माहीत नव्हतं.

लगेच अण्णांना फोन लावला, माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, आई आमच्याशी कधी कन्नड बोलली नाही, घरात चालायचं नाही ते, आजोबांना आवडायचं नाही. फक्त दारावर एक म्हातारी दही विकायला यायची अक्कलकोटकडची, तिच्याशी बोलायची. दही घेऊन झालं तरी दोघी पायरीवर बसायच्या. अण्णा म्हणाले, आम्हाला वाटायचं एवढा वेळ काय दह्याचा भाव करतीय.

मग बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कट झाला. तर म्हणाले, अजून एक म्हणायची ती, मी दोन माग घ्यायला कर्ज काढायला निघालो तेव्हा म्हणाली होती, अर्थ विचारायचा राहिला, लिहून घे. मी जसं ऐकलं तसं लिहिते, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. "हासगी इद्दष्ट काल चाच."

अक्कलकोटरोड दादा, सांगता का?

अक्कलकोटरोड :

काही चुकलं नाही, अण्णांच्या बरोबर लक्षात राहिलंय. "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." हासिगे म्हणजे अंथरूण, कालु म्हणजे पाय. अंथरूण पाहून पाय पसरावे.

माग घेतले का मग अण्णांनी?

कुंभारवेस :

एकच घेतला.